पडद्यावरचा हिरवा, कागदावरचा हिरवा

अकोले तालुक्यातील एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही तिघे परीक्षक म्हणून गेलो होतो. (अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याचा, हा डोंगराळ आणि भाताचा भाग.) आठवीतल्या दोन मुलींच्या ‘पान पाहा, खत ठरवा’ या प्रयोगापुढे सर्वांत जास्त गर्दी होती, आणि ती योग्यच होती. विषय घरचा, निरीक्षणे स्वतःची, वहीत तारीखवार नोंदी. तरीही आम्ही त्याला पहिला क्रमांक दिला नाही. का, ते तेथे दोन मिनिटांत नीट सांगता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहोत. चूक मुलींची नव्हती.

भाताच्या पानाचा हिरवेपणा त्यातील हरितद्रव्यावर, आणि हरितद्रव्य बऱ्याच अंशी पिकाला मिळालेल्या नत्रावर अवलंबून असते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारात आणलेला ‘लीफ कलर चार्ट’ याच गोष्टीचा उपयोग करतो. प्लास्टिकच्या पट्टीवर पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार रंग असतात, क्रमांक २ ते ५. दहा रोपांची सर्वांत वरची, पूर्ण उलगडलेली पाने एकेक करून पट्टीवर ठेवायची. सहा किंवा अधिक पाने ठरलेल्या क्रमांकापेक्षा फिकी निघाली तर युरियाचा हप्ता द्यायचा. हा क्रमांक वाणाप्रमाणे आणि लागवडीच्या पद्धतीप्रमाणे बदलतो. पान उन्हात पाहायचे नाही, आपल्या अंगाच्या सावलीत पाहायचे, आणि शक्यतो दर वेळी एकाच माणसाने, एकाच सुमारास पाहायचे, अशीही सूचना असते.

मुलींकडे मूळ पट्टी नव्हती. त्यांच्या सरांनी तक्त्याचे चित्र संगणकावर मिळवले आणि फोटोच्या दुकानातून चकचकीत कागदावर छापून आणले. छापील रंग पडद्यावरच्यापेक्षा गडद आले. हे सरांच्या लक्षात आले, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण मग त्यांनी काय केले? पडद्याची उजळता कमी करीत करीत ती कागदाशी जुळवली, आणि फलकावर लिहिले, ‘पडदा व छपाई यांचे रंग जुळवून घेतले आहेत.’

आमचा आक्षेप या वाक्याला आहे. जुळवले कशाशी? पडदा मंद केल्याने कागदावरची शाई बदलत नाही, आणि संगणकातले चित्रही बदलत नाही. चित्राच्या फाइलमध्ये रंग नसतातच. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे असतात, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे, बहुधा ० ते २५५ यांमधले. त्या आकड्यांचा प्रत्यक्ष रंग कोणता, हे पडद्यागणिक बदलते. शेजारी शेजारी दोन संगणक ठेवून एकच चित्र उघडले की कोणालाही हे पाहता येईल.

कागदाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग परत करतो, एवढेच. सायन शाई तांबडा प्रकाश गिळते, मॅजेंटा शाई हिरवा, पिवळी शाई निळा. सायन आणि पिवळी एकावर एक छापली की मागे हिरवा उरतो. (चित्रकलेच्या तासाला मूळ रंग तांबडा, पिवळा, निळा, विज्ञानाच्या तासाला तांबडा, हिरवा, निळा. दोन्ही शिक्षक एकाच खोलीत चहा पितात, पण हा विषय काही निघत नाही.) पूर्ण उजळलेल्या पडद्याशी अंधारलेल्या वर्गात कागदाची बरोबरी होणे शक्य नाही; तो गडद दिसणारच. शिवाय पडद्यावरचे काही झळझळीत हिरवे आणि निळे रंग या शायांना साधतच नाहीत. त्यांच्या जागी छपाईयंत्र जवळचा रंग घालते.

प्रदर्शनात आमच्यापैकी एकाच्या पिशवीत मूळ प्लास्टिकची पट्टी निघाली. ट्यूबलाइटखाली ती छापील तक्त्याशेजारी धरली. छापील ३ हा मूळ ४ शी जवळजवळ मिळत होता. तीच जोडी बाहेर कडुनिंबाच्या सावलीत नेली, तर मिळेना. छापील रंग निळसर वाटू लागला. दोन पृष्ठभाग एका प्रकाशात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात दिसत नाहीत, कारण दोघे वेगवेगळ्या तरंगलांबी परत करत असतात. डोळ्याला पहिल्या प्रकाशात त्यांची बेरीज तेवढी सारखी लागते. साडीच्या दुकानात ‘जरा बाहेर उजेडात बघू द्या’ म्हणणाऱ्या बाईला हे ठाऊक असते.

आता वही पाहा. तक्ता एका पायरीने गडद, म्हणजे त्यावर ठेवलेले चांगले पानही फिके दिसणार. ऑगस्टमधल्या एका नोंदीत दहापैकी आठ पाने ‘कमी’ निघाली होती, आणि एका मुलीच्या वडिलांनी त्यावर विश्वास ठेवून खाचरात युरियाचा एक हप्ता जादा दिला होता. नत्र जास्त झाले की भात लोळतो, करप्याला बळी पडतो. त्या खाचरात पुढे काय झाले याची नोंद वहीत नव्हती. आम्हाला सर्वांत जास्त खटकले ते हे. रंग चुकला तर पैसा आणि पीक कोणाचे जाते, हा प्रश्न फलकावर कोठेच नव्हता.

मोठ्या छापखान्यांत या अडचणीवर उपाय आहे. पडदा आणि छपाईयंत्र दोन्ही उपकरणाने मोजतात आणि एकाच्या आकड्यांचे दुसऱ्याच्या आकड्यांत भाषांतर करणारे ‘प्रोफाइल’ तयार करतात. त्याचे नियम १९९३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने ठरवले. छापील नमुना ५००० केल्व्हिनच्या ठरावीक प्रकाशात पाहतात. शाळेला एवढे जमणार नाही, पण स्नेहसंमेलनाचे फोटो छापताना पडद्याची उजळता आधी कमी करून ठेवावी, एक छोटा नमुना छापून तो खिडकीच्या उजेडात पाहावा, आणि फरक असेल तर फाइल सुधारावी, पडद्याची बटणे फिरवीत बसू नये. फोटोला एवढे पुरे. मोजपट्टीला ते पुरत नाही. मूळ पट्टीच आणली पाहिजे. कागदावर छापलेल्या फूटपट्टीने कापड मोजण्यापूर्वी आपण ती खऱ्या पट्टीशी ताडून पाहतोच ना?

आमची पट्टी आम्ही त्या शाळेत ठेवून आलो. येत्या आवणीनंतर दोघी मुली एकाच दहा पानांची नोंद दोन्ही तक्त्यांनी घेणार आहेत, आणि या वेळी वहीत कापणीपर्यंतचे रकाने आखले आहेत.