विडंबनाचे आयुष्य : 'प्रोजेक्ट ए-को' या जपानी चित्रपटाचा पुनर्विचार

विडंबन ही परावलंबी कला आहे, असा समज साहित्यविचारात बराच रूढ आहे. मूळ कृती रसिकाच्या मनात जागी असेल तरच तिची वाकडी छाया त्याला ओळखता येते. आणि ओळख पटल्याखेरीज हास्य संभवत नाही. या समजातून पुढचा निष्कर्ष आपोआपच निघतो. मूळ कृती विस्मृतीत गेली की तिचे विडंबनही निस्तेज व्हावयाचे. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले' (1925) या संग्रहातील काही रचनांचा पुरता आस्वाद घ्यावयाचा तर आजच्या विद्यार्थ्याला त्या काळच्या काव्यसंकेतांची ओळख आधी करून द्यावी लागते, हा अध्यापनातील नित्याचा अनुभव या मताला पुष्टी देतो. परंतु याच्या उलट साक्षही आहे. सर्व्हान्तेसच्या 'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग 1605 साली प्रसिद्ध झाला. त्याने ज्या शिलेदारी कथांची थट्टा केली त्या आज अभ्यासकांपलीकडे कोणी वाचत नाही. त्यांचे विडंबन मात्र जगभर वाचले जाते. तेव्हा विडंबनातील कोणता अंश मूळ कृतीबरोबर मावळतो आणि कोणता तिच्यामागे उरतो, हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो.

या प्रश्नाची परीक्षा एका अगदी वेगळ्या क्षेत्रातील कृतीवर करून पाहता येते. 'प्रोजेक्ट ए-को' हा जपानी ॲनिमेशनपट 1986 साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कात्सुहिको निशिजिमा. पात्रांची रेखाटने युजी मोरियामा यांची. दोघेही 'उरुसेई यात्सुरा' या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेवर काम करून आलेले. जपानमध्ये 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका 1963 साली सुरू झाली, आणि तिच्यामागून आलेल्या मालिका पाहत वाढलेल्या पिढीच्या हाती पुढे पेन्सिल आली. या पिढीला आपल्या कलेचे सारे संकेत मुखोद्गत होते. विडंबनास अशी मुखोद्गत परंपराच लागते. चित्रपटाचे नावही थट्टेचेच. जॅकी चॅनच्या 1983 सालच्या 'प्रोजेक्ट ए' या हाँगकाँगी चित्रपटावरून ते घेतले आहे.

कथानक थोडक्यात असे : एक परग्रहावरील अवाढव्य यान पृथ्वीवर कोसळते आणि एक शहर नष्ट होते. सोळा वर्षांनंतर त्याच जागी, यानाच्या सांगाड्याभोवती, ग्रॅव्हिटन नावाचे नवे शहर उभे राहिले आहे. तेथील मुलींच्या शाळेत ए-को आणि तिची जिवलग मैत्रीण सी-को नव्याने दाखल होतात. ए-कोच्या अंगी अमानुष बळ आहे. सी-को हसणे आणि रडणे यांपलीकडे फारसे काही करीत नाही. धनाढ्य आणि बुद्धिमान बी-कोला सी-कोची मैत्री हवी आहे. त्यासाठी ती रोज नवे यंत्र घडवून ए-कोला आव्हान देते आणि रोज हरते. दरम्यान आपल्या हरवलेल्या राजकन्येच्या शोधात परग्रहवासी येऊन ठेपतात. ती राजकन्या सी-कोच असते. शहरावर आग बरसू लागते, सैन्य धावून येते; पण ए-को आणि बी-को यांचे भांडण काही थांबत नाही.

या पटातील उसनवारी विपुल आहे. कोसळलेले यान आणि त्याभोवतीचे शहर ही कल्पना 'माक्रोस' (1982) या मालिकेची. परग्रहवासीयांचा कप्तान हा लेइजी मात्सुमोतो यांच्या कॅप्टन हार्लॉक या उदात्त अंतराळवीराच्या घराण्यातला. फरक इतकाच की येथे त्याला दारूचे व्यसन जडले आहे आणि तो पुरुषही नाही. बी-कोच्या टोळीतील मारी ही धिप्पाड मुलगी 'होकुतो नो केन'च्या केन्शिरोची प्रतिकृती आहे; तिचा आवाज तेवढा कोवळ्या बालिकेचा. अखेरीस ए-कोच्या आईवडिलांचे ओझरते दर्शन घडते. त्यांचे सुपरमॅन आणि वंडर वूमन या अमेरिकी वीरांशी असलेले साम्य लपत नाही, आणि मुलीच्या अचाट बळाचा उलगडा एका क्षणात होतो.

विडंबन म्हणजे एवढीच ओळखपाळख असती तर हा चित्रपट 1986 सालच्या जपानी प्रेक्षकापुरताच जिवंत राहिला असता. प्रत्यक्षात तसे घडले नाही. पुढच्या दशकात तो व्हिडिओ फितींवाटे अमेरिकेत पोहोचला. तेथील कितीतरी तरुण प्रेक्षकांची हार्लॉकशी किंवा केन्शिरोशी गाठ पडलेली नव्हती. मूळ माहीत नसताना त्यांनी विडंबन पाहिले आणि ते हसले. म्हणजे हास्याचे उगमस्थान केवळ उल्लेखात नव्हते.

ते कोठे होते, याचे उत्तर पात्रांच्या नावांतच मिळते. ए, बी, सी ही अक्षरे आणि त्यांना जोडलेला 'को' हा जपानी स्त्रीनामांचा परिचित प्रत्यय. मराठीत अमकी, ढमकी, फलाणी म्हणावे, तशी ही नावे आहेत. अर्थात ही व्यक्तींची नावे नसून रिकाम्या जागांची नावे आहेत. वीर, प्रतिस्पर्धी आणि जिच्यासाठी झुंजावयाचे ती, अशा तीन जागा साहसकथेत असतात. त्या जागांवर तीन शाळकरी मुली बसविल्या आहेत. त्या बसताच कारण आणि कार्य यांचे प्रमाण पार कोलमडते. ज्या कथांत विश्वाचे भवितव्य पणाला लागते, त्यांची सारी शस्त्रसामग्री येथे मधल्या सुट्टीत कोणी कोणाबरोबर बसावे एवढ्या प्रश्नासाठी खर्ची पडते. हे विडंबन एखाद्या कृतीचे नसून वृत्तीचे आहे. कृती विसरल्या जातात. क्षुल्लक हट्टासाठी प्रचंड यंत्रणा उभी करण्याची मानवी वृत्ती मात्र विसरली जाण्याचा संभव नाही. ज्याने मूळ मालिका पाहिल्या नाहीत त्यालाही हा प्रमाणभंग कळतो.

या प्रमाणभंगाला धार येते ती कारागिरीतील गांभीर्यामुळे. प्रारंभीचा विध्वंस कोणत्याही गंभीर चित्रपटाला शोभावा असा आहे. तेथे थट्टेची खूण नाही. ए-को शाळेला उशीर झाला म्हणून सी-कोला ओढत धावते, तेव्हा वाटेत येईल ते मोडत जाते. अंतिम युद्धात ती अंगावर येणाऱ्या क्षेपणास्त्रांवरून पायऱ्या चढाव्यात तशी उड्या घेत शत्रूच्या यानाकडे जाते. या दृश्यांतील गती, वजन आणि अवकाशाचे भान अस्सल युद्धपटाच्या तोडीचे आहे. रेखाटन ढिले असते तर विनोद केवळ चेष्टा ठरला असता. विडंबनकाराला मूळ कवीइतकेच वृत्त साधावे लागते, हा काव्यातील नियम येथे चित्राच्या भाषेत सिद्ध झालेला दिसतो.

तथापि पुनर्दर्शनात या चित्रपटाचा काही भाग शिळा वाटतो, हेही नमूद केले पाहिजे. विशेष असे की, शिळा झालेला भाग विसरलेल्या उल्लेखांचा नाही. या पटाची योजना प्रथम 'क्रीम लेमन' या प्रौढांसाठीच्या कामुक चित्रमालिकेचा एक भाग म्हणून झाली होती. पुढे योजना बदलली, तरी त्या उगमाचे अवशेष राहिले. बी-कोचे स्नानदृश्य, तिचे अंग झाकण्यापेक्षा उघडे ठेवणारे युद्धकवच, शाळकरी मुलींच्या देहावर वारंवार रेंगाळणारी चौकट, हे सारे त्या काळच्या व्यवसायाचे संकेतच होते. पण इतर संकेतांना उलटेसुलटे करणाऱ्या या चित्रपटाने हा संकेत मात्र तपासला नाही. जसाच्या तसा उचलला. तीच गोष्ट सी-कोची. जिच्यासाठी साहसकथेत झुंज होते तिला स्वतःची इच्छा नसते, हा जुना संकेत तिच्या रूपाने उघडा पाडण्याची संधी होती. तिच्या रडण्यावर हसे पिकते. परंतु तिला काय हवे, हा प्रश्न चित्रपटही विचारीत नाही. तारुण्यात हा पट पाहणाऱ्याच्या नजरेतून हे सुटणे स्वाभाविक होते, कारण त्याच्या भोवतालच्या साऱ्याच चित्रपटांत तेच होते. संकेत सार्वत्रिक असतो तेव्हा तो संकेत म्हणून दिसत नाही.

यावरून आरंभीच्या समजात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. विडंबन जुने होते ते मूळ कृती विस्मरणात गेल्यामुळे नव्हे. उल्लेख मावळला तर विनोदाचा एक थर कमी होतो. त्याखाली प्रमाणभंगाचा थर असेल तर रचना उभी राहते. विडंबन खरोखर जुने होते ते त्याने ज्या संकेतांची थट्टा केली त्यांच्यामुळे नव्हे, तर ज्यांची थट्टा करण्याचे त्याला सुचलेच नाही त्यांच्यामुळे. विडंबनकार आपल्या काळाला हसतो तेव्हा तो त्या काळाबाहेर पडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याच्या हसण्याची कक्षा हीच त्याच्या काळाची कुंपणरेषा असते, आणि ती पुढच्या पिढीलाच स्पष्ट दिसते.

या चित्रपटाची मूळ फिल्म दीर्घकाळ हरवली असल्याचे मानले जात होते. ती सापडल्यावर 2020 नंतरच्या काळात त्याची नवी, स्वच्छ प्रत तयार झाली. त्यामुळे धूसर फितीवर एकेकाळी पाहिलेली कृती आता तपशिलानिशी तपासता येते. या प्रतीत रेखाटनाचे कौशल्य जितके उजळून दिसते, तितकाच त्याचा आंधळा कोपराही दिसतो. 'झेंडूची फुले'पासून पुढच्या मराठी विडंबनाचा अभ्यास करतानाही हीच कसोटी उपयोगी पडेल. विडंबनकाराने कोणाची थट्टा केली याची यादी सहज करता येते; त्याने कोणाला हात लावला नाही, याची यादी अभ्यासकाने करावयाची असते.