दरमहा १०,२१८ रुपये, पण नेमके कोणत्या महिन्यात?

शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७व्या फेरीतला हा आकडा तुम्ही बातम्यांत वाचला असेल. तो २०१८-१९ या कृषी वर्षाचा आहे. त्यातले ४,०६३ रुपये मजुरी-पगाराचे आणि ३,७९८ रुपये पिकांचे, म्हणून ‘शेतकरी मजूर झाला’ अशी चर्चाही बरीच झाली. ती व्हायलाच हवी. पण मी अडते ती ‘मासिक’ या शब्दापाशी. सर्वेक्षणाची माणसं प्रत्येक घरी दोनदा गेली, दर खेपेला सहा-सहा महिन्यांचा हिशोब विचारला आणि त्यातून ही महिन्याची सरासरी निघाली. आता बघा, सोयाबीनचे पैसे येतात दिवाळीच्या आसपास. जूनमध्ये बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकं एकदम दारात उभी राहतात. भागाकार केला की हे सगळं सपाट होतं.

विज्ञान शाखेत मोजमापाचा एक साधा नियम शिकवतात: जे भराभर बदलतं ते भराभर मोजा. रोज फक्त पहाटे तापमान घेतलंत तर दुपारचं ऊन तुमच्या नोंदीत कधीच येणार नाही.

घरच्या पैशाच्या बाबतीत हा नियम गंभीरपणे पाळणारं पुस्तक म्हणजे ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ (२००९). डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन हे त्याचे लेखक. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून जास्त कुटुंबांकडे संशोधक वर्षभर साधारण दर पंधरवड्याला जात राहिले. आलेला पैसा, गेलेला पैसा, उसनवारी, भिशी, शेजाऱ्याकडे ठेवलेली रक्कम, सगळं विचारत राहिले. निष्कर्ष असा की वर्षअखेरीची शिल्लक पाहून गरीब घराबद्दल फार कमी कळतं. शिल्लक एवढीशी असते, पण वर्षभरात हातातून फिरलेली रक्कम तिच्या कितीतरी पट असते.

हे पटायला बांगलादेशात जायची गरज नाही. आपल्याकडचं ‘नवं-जुनं’ घ्या. समजा सोसायटीचं एक लाखाचं पीककर्ज आहे. मुदत आली, हातात पैसे नाहीत. मग ओळखीच्या सावकाराकडून शेकडा तीननं लाख रुपये उचलायचे, सोसायटीचं भरायचं, नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराचं फेडायचं. गेल्या मार्चला कर्ज एक लाख, या मार्चलाही एक लाख. वर्षाच्या ताळेबंदात काही घडलेलंच नाही! प्रत्यक्षात मंजुरीला महिना लागला तर ३,००० रुपये व्याजात गेले. केंद्राच्या योजनेत वेळेत फेडणाऱ्याला पीककर्जावर वर्षाला ३ टक्के सूट मिळते, म्हणजे लाखाला तेवढेच ३,०००. वर्षभराची सूट एका महिन्याच्या हातउसन्यानं खाल्ली. ही गळती फक्त पंधरवड्याच्या नोंदीत दिसते, आणि पुस्तकाचं खरं बळ हेच आहे.

आता माझे दोन आक्षेप.

पहिला, पुस्तकाचं मन रोज थोडं थोडं कमावणाऱ्या माणसात जास्त रमतं. रिक्षावाला, हातगाडीवाला, रोजंदारीवरची बाई, यांच्यासाठी प्रत्येक पंधरवडा साधारण सारखा. शेतकऱ्यासाठी तो तसा नाही. ऑगस्टमधल्या तीन नोंदींत कदाचित फक्त दुधाचा पगार आणि किराण्याची उधारी दिसेल, आणि ऊसबिलाच्या एका आठवड्यात वर्षाचे निम्मे निर्णय होतील. एकसारख्या अंतरानं मोजण्यापेक्षा पिकाच्या दिनमानाप्रमाणे मोजायला हवं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्षात २६ पंधरवडे, म्हणजे कुटुंबाच्या २६ नोंदी. पण पावसाळा? एकच. पाऊस बरा झाला की बिघडला, यावर शेतकऱ्याचं सगळं गणित बदलतं आणि त्या बाबतीत आपला नमुना एकाचाच राहतो. नंतर सीगॅप या संस्थेनं मोझांबिक, टांझानिया आणि पाकिस्तानातल्या छोट्या शेतकरी कुटुंबांच्या अशाच डायऱ्या केल्या. तिथेही मुदत वर्षाभराचीच. एका वर्षाच्या नोंदीवरून ‘शेतकरी असा वागतो’ म्हणणं धाडसाचं आहे.

मग आढावा घ्यायचा कधी? इथे २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेला एक अभ्यास उपयोगी पडतो. आनंदी मणी आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर त्याच बौद्धिक चाचण्या दिल्या. पैशांच्या ओढाताणीच्या काळात तोच माणूस कमी गुण मिळवत होता. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली, त्यामुळे सगळ्यांचा ऊस एकाच वेळी तुटत नाही. आपल्याकडेही तोडीची वाट पाहणारे हे जाणतात. म्हणूनच फरक ऋतूचा की पैशाचा, हे तपासायला संशोधकांना वाव मिळाला. एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये, पण इशारा स्पष्ट आहे: खिसा रिकामा असताना ‘नीट नियोजन करा’ हा सल्ला सर्वात कमी उपयोगाचा.

‘दर महिन्याच्या एक तारखेला हिशोब लिहा’ हा नोकरदाराचा सल्ला शेतकऱ्याला जसाच्या तसा देऊ नये, असं म्हणूनच मला वाटतं. माल विकल्याच्या आठवड्यात, डोकं थोडं मोकळं असताना बसा. सोसायटीची मुदत, पेरणी, शाळा आणि श्रावण-भाद्रपदातली ओढ यांचे पैसे तेव्हाच बाजूला मांडा. पुढे प्रत्येक टप्प्याआधी वही उघडून फक्त ताडून पाहा. बसताना घरातल्या बाईलाही बरोबर घ्या. बचत गटाचा हप्ता आणि दुधाचे पैसे बहुतेक वेळा तिच्याच डोक्यात असतात. आणि जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. पाच वर्षांच्या वह्या म्हणजे पाच पावसाळे. एवढा नमुना त्या पुस्तकाकडेही नाही.