खाणीचा वारसा आणि खाणीचे वारस

बंद पडलेल्या खाणी जगभर आता ‘वारसास्थळे’ होऊ लागल्या आहेत. जिथे माणसे पोटासाठी जमिनीत उतरत होती, तिथे तिकीटघर उभे राहते. आपल्याकडे २०१६ मध्ये नागपूरजवळच्या सावनेरच्या कोळसा खाणीत खाणपर्यटन सुरू झाले. कर्नाटकातील कोलारच्या बंद सोनेखाणींविषयीही असा विचार पुनःपुन्हा मांडला जातो. पर्यटनाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हा वारसा कुणाचा, आणि त्याचे वारस कोण?

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर असते त्यांच्याकडे वारसनोंद होते. आमच्याकडे बापाकडून मुलाकडे आली ती पहार आणि घमेले. म्हणून कुणी ‘राष्ट्राचा वारसा’ म्हटले की मी आधी वारसांची यादी मागतो.

कोलारची यादी कशी दिसते? १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी तिथे आली. पुढच्या १२० वर्षांत या खाणींतून सुमारे ८०० टन सोने निघाले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रमची वीज तिथे पोहोचली, बंगलोर शहराच्याही आधी. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. हा इतिहास पाठ्यपुस्तकात सापडतो. परंतु त्या खोलीत उतरले कोण? मुख्यतः उत्तर अर्काट आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले तमिळ दलित. जमीनदाराची वेठ टाकून ते कंपनीच्या चाळींत आले. वर साहेबांचे बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान. खाली असह्य उष्मा, अचानक फुटणारा कातळ आणि फुप्फुसात साचणारी सिलिकाची धूळ. वरच्या भागाला ‘छोटे इंग्लंड’ म्हणत. पर्यटकाला दाखवायला तेच सोयीचे आहे, कारण २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि खालचे जग पाण्याने भरून गेले.

परंतु पाण्याखाली फक्त बोगदे गेले, माणसांचे कर्तृत्व नव्हे. मारिकुप्पममध्ये याच कामगारांनी पंडित अयोत्तीदास यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा चालवली, आपण १९५६ साली धम्म स्वीकारला त्याच्या कितीतरी आधी. अयोत्तीदासांचे ‘तमिळन’ हे पत्र त्यांच्या निधनानंतर १९२६ मध्ये जी. अप्पादुरैयार यांनी याच खाणवस्तीतून पुन्हा सुरू केले. १९३० मध्ये बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याची सक्ती झाली, तेव्हा आम्ही गुन्हेगार नाही म्हणत हजारो कामगारांनी काम बंद पाडले. हा स्वाभिमानाचा लढा होता. वारसास्थळाच्या आराखड्यात त्याला जागा आहे काय?

लोकप्रिय कला या बाबतीत काय करते तेही पाहू. २०१८ आणि २०२२ च्या ‘केजीएफ’ चित्रपटांत खाणकामगार म्हणजे धुळीने माखलेला, चेहरा नसलेला जमाव; तो उद्धारकर्त्याची वाट पाहतो. १९३० च्या संपकऱ्यांना कुणा नायकाची वाट पाहावी लागली नव्हती. पा. रंजित यांच्या ‘तंगलान’ने (२०२४) जमिनीशी आणि बुद्धाशी असलेले दलितांचे नाते पुढे आणले, हे त्याचे मोल आहे. मात्र तो मिथकाच्या प्रदेशात रमतो आणि कंपनीची खाण सुरू होण्याआधीच्या काळातच थांबतो. शाफ्टमध्ये उतरणारा, पत्र छापणारा, संप करणारा कामगार अजून पडद्याबाहेरच आहे.

बाहेरची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जपानच्या हाशिमा बेटावरील कोळसा खाण २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. कोरियातून बळजबरीने आणलेल्या मजुरांचा इतिहासही सांगू, असे आश्वासन जपानने त्या वेळी दिले. ते नीट पाळले नाही म्हणून जागतिक वारसा समितीने २०२१ मध्ये तीव्र खेद व्यक्त केला. याउलट वेल्समधील ‘बिग पिट’ ही खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. तिथे पाहुण्यांना खाली नेण्याचे काम जुन्या खाणकामगारांनीच केले. एका ठिकाणी मजूर अडचणीचा ठरला, दुसऱ्या ठिकाणी तोच सांगणारा झाला.

कोलारला सांगणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. खाण बंद झाली तेव्हा तिशीत असलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्यांच्या आठवणी आता नोंदवल्या नाहीत तर उरतील ते बंगल्यांचे फोटो. २०२४ मध्ये सायनाइडच्या ढिगाऱ्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. म्हणजे मातीला पुन्हा किंमत आली. त्या मातीची धूळ खात जगणाऱ्यांचे काय? पर्यटकाच्या आधी त्यांना स्वच्छ हवा हवी, राहत्या घरांवर हक्क हवा. शाफ्टच्या तोंडाशी मृतांची नावे हवीत. वाटाड्याचे काम खाणकामगाराला हवे, तेही पगारी. मारिकुप्पमच्या बौद्ध संघाला संग्रहालयात पहिले दालन हवे.

तमिळ आणि मराठी दलितांचे हे इतिहास एकमेकांना अजून फारसे ठाऊक नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी ते वाचले पाहिजेत, भाषांतरित केले पाहिजेत. उद्या कोलारचे वारसास्थळ होईलच, तर ज्यांच्या बोटांचे ठसे सक्तीने मागितले गेले, त्यांच्या नातवंडांची सही त्या आराखड्यावर असली पाहिजे.