चॅप्लिनच्या आठवणींतली मेबेल

चार्ली चॅप्लिनच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मेबेल नॉर्मंडच्या कीर्तीला महागात पडला आहे. १९१४ च्या आरंभी कीस्टोन कंपनीत ‘मेबेल ॲट द व्हील’चे चित्रीकरण चालू होते. दिग्दर्शन मेबेलकडे होते. रस्त्यावर पाणी मारताना नळीवर आपलाच पाय पडावा, पाणी अडावे आणि नळीत डोकावताच ते तोंडावर उडावे, अशी गंमत चॅप्लिनने सुचवली. वेळ नाही, म्हणून तिने ती नाकारली. तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि काम करायला नकार देऊ लागला. दिसायला देखणी, स्वभावाने गोड, पण दिग्दर्शन न पेलणारी मुलगी ही तिची प्रतिमा इथूनच रुजली.

आता ती गंमत पाहा. ल्युमिएर बंधूंनी १८९५ सालीच ती पडद्यावर आणली होती. चॅप्लिन कीस्टोनमध्ये नवखा होता. मेबेल कंपनीच्या स्थापनेपासून, १९१२ पासून तिथे होती. त्याआधी बायोग्राफमध्ये ग्रिफिथच्या हाताखाली तिने काम केले होते. नकार देणारीला विनोद कळत नव्हता, असे मला तरी वाटत नाही.

याहून बोलका पुरावा ‘मेबेल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट’ हा आहे. तोही १९१४ चाच. ट्रॅम्पचा वेश चॅप्लिनने प्रथम चढवला तो याच चित्रपटासाठी. ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ नंतर चित्रित झाला, पण दोनच दिवस आधी प्रदर्शित झाला. हॉटेलच्या दिवाणखान्यात हा झिंगलेला ट्रॅम्प रेंगाळतो, कुत्र्याच्या पट्ट्यात अडकतो, आणि कॅमेरा त्याच्यावर कीस्टोनच्या रिवाजाहून कितीतरी अधिक वेळ टिकून राहतो. चित्रपटाचे दिग्दर्शन आज सामान्यतः मेबेलच्या नावावर मांडले जाते. ट्रॅम्पला पहिला मोकळा श्वास मिळाला तो तिच्या चौकटीत. स्वतः मात्र ती रात्रीच्या कपड्यांत खोलीबाहेर अडकलेली, समोरच्या खोलीतल्या पलंगाखाली लपते. धावपळ सगळी इतरांची. ती फक्त विचार करते, आणि तो विचार चेहऱ्यावर दिसतो.

तिचे हे बळ ‘द एक्स्ट्रा गर्ल’मध्ये (१९२३) सर्वांत स्पष्ट आहे. स्टुडिओतला सिंह म्हणजे सिंहाचे सोंग चढवलेला टेडी कुत्रा, असे समजून ती त्याला दोरीने ओढत नेते. भोवतालची माणसे सैरावैरा पळतात, तिला कळत नाही की का. कोलांटी नाही, धडपड नाही. विनोद उभा आहे तो तिच्या निर्धास्तपणावर. एरवी तिच्याविषयी केक फेकण्याच्याच कथा अधिक सांगितल्या जातात.

या चित्रपटाला पुढे तिच्याच बातम्यांनी झाकोळले. फेब्रुवारी १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला. त्या संध्याकाळी ती त्याला भेटून गेली होती. आरोप तिच्यावर आला नाही, कुजबुज मात्र राहिली. १ जानेवारी १९२४ रोजी तिच्या मोटारचालकाने तिच्याच पिस्तुलाने एका ओळखीच्या गृहस्थावर गोळी झाडली. मग तिचे चित्रपट दाखवू नयेत अशी मागणी होऊ लागली. ‘मिकी’साठी १९१६ साली तिच्या नावाची स्वतंत्र कंपनी निघाली होती, तो चित्रपट १९१८ मध्ये तुफान चालला होता, पण ते आठवायला कोणाला सवड होती?

१९२६ च्या सुमारास हॅल रोचकडे तिने काही लघुपट केले. २३ फेब्रुवारी १९३० रोजी क्षयाने ती गेली. बोलपटात तिने एकदाही काम केले नव्हते.