विश्वेश्वरय्यांची तसबीर आणि पांझरेचा पूर

दर वर्षी १५ सप्टेंबरला, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे अभियंता दिन साजरा होतो. तसबिरीला हार घातला जातो, एखादे व्याख्यान होते, बक्षिसे वाटली जातात. सोलापुरात सात रस्ता परिसरातील एका संस्थेने या दिवसानिमित्त निबंध स्पर्धा घेतली होती आणि तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. विषय होता ‘प्रकल्पाचा नेता कसा असावा?’ लिहिणारी मुले अकरावी-बारावीची आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची.

साठ-एक निबंध वाचले. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटत राहिल्या. पहिली रेल्वेच्या रुळाची. रात्रीच्या प्रवासात चाकांचा आवाज बदललेला विश्वेश्वरय्यांच्या कानांनी टिपला, त्यांनी साखळी ओढली आणि पुढे रूळ तुटलेला निघाला. दुसरी मेणबत्तीची. सरकारी काम संपताच सरकारी मेणबत्ती विझवायची आणि स्वतःची पेटवायची. या गोष्टी खऱ्या की पदरच्या, या वादात मी शिरत नाही. मेणबत्तीची गोष्ट तर चाणक्यापासून अनेकांच्या नावावर सांगितली जाते. माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या गोष्टीतील अभियंत्याचे कान तीक्ष्ण आहेत, दुसऱ्या गोष्टीतील अभियंता प्रामाणिक आहे आणि दोन्हींत तो एकटा आहे. प्रकल्प म्हणजे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशांत, अनेक माणसांच्या हातून पार पडणारे काम. त्या माणसांचा या गोष्टींत पत्ताच नाही.

खुद्द विश्वेश्वरय्यांनी आपल्या नोकरीतील आठवणी लिहून ठेवल्या आहेत. ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ हे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या व्याख्यात्यांनी ते वाचले असते तर मेणबत्तीची गरज पडली नसती.

१८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. लवकरच नेमणूक झाली ती खानदेशात, धुळ्याकडे. तेथे पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. (हा सायफन आपण प्रयोगशाळेत दाखवतो तो नव्हे. प्रयोगशाळेतील नळी भांड्याच्या काठावरून वर चढून खाली येते. हा उलटा असतो. पाणी एका काठाला उतरते, नदीच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या काठाला जवळजवळ तेवढ्याच उंचीवर चढते. दोन्हींतील फरक फळ्यावर काढून विद्यार्थ्यांना विचारावा, तास चांगला रंगतो.)

पावसाळा लागला, नदीला पूर आला, चालू काम वाळूने भरू लागले. तेवीस-चोवीस वर्षांच्या या अभियंत्याने पावसाळा संपेपर्यंत काम थांबवण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांचे उत्तर आले ते नापसंतीचे. त्यांना त्यात शिस्तीचा अभाव दिसला. मग या गृहस्थांनी पुराशी झगडत ते काम पुरे करून दाखवले.

हा प्रसंग कोणी सांगितलाच, तर जिद्दीचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक अशी की परीक्षा देऊन फार दिवस झाले नसताना त्या तरुणाला एक लहान पण पूर्ण काम मिळाले. नळ, मजूर, वाळू, मुदत आणि जाब, सगळे त्याचेच. अभियंत्याला प्रकल्पप्रमुख बनवण्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही. दुसरी गोष्ट कडू आहे. पुरात बांधकाम करू नये हे त्याचे मत तांत्रिक दृष्ट्या अगदी रास्त होते आणि ते आज्ञाभंगात जमा झाले. हाताखालचा माणूस ‘आत्ता नको’ म्हणतो तेव्हा तो कामचुकारपणा करतो आहे की माहिती देतो आहे, हे ओळखता येणे ही प्रमुखाची पहिली परीक्षा. त्या परीक्षेत येथे नापास झाले ते वरिष्ठ. जिद्दीचे कौतुक करताना आपण नकळत त्यांचीच बाजू घेतो.

खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दारे सर्वांना ठाऊक असतात. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ती आपोआप उघडतात, ओसरले की मिटतात. कल्पना सुरेख आहे. पण दारे लोखंडाची, ती ऐकतात. त्याच सुमारास नीरा कालव्यावर त्यांनी आणलेली गटपद्धती मला अधिक अवघड वाटते. कालव्याखालील जमिनीचे गट पाडायचे, ऊस गटाच्या ठराविक हिश्श्यातच घ्यायचा, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके घ्यायची आणि फेरपालट करत राहायची. पाणी थोडे असताना ते पुष्कळांना पुरवण्याची ही रीत. गणित सातवीच्या मुलालाही जमेल. जमत नाही ते कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला ‘तुझा ऊस कमी कर’ हे पटवणे. तेथे शेतकऱ्यांच्या विरोधाला तोंड द्यावे लागले, समजावणी करावी लागली.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. धरण उभे करणाऱ्या अभियंत्यांच्या हिशेबात उसाचा वाटा थोडा होता. आज हा जिल्हा साखर कारखान्यांसाठी ओळखला जातो आणि सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, लोक ‘पाण्याचा दिवस’ मोजतात. काँक्रीट पक्के निघाले, पाणीवाटप मात्र हिशेबाप्रमाणे राहिले नाही. हा दोष एकट्या अभियंत्यांचा नाही, राजकारणाचा आणि बाजाराचाही आहे. पण वाटपाची बोलणी हा प्रकल्पाचाच भाग आहे, हे त्यांना कोणत्या वर्गात शिकवले होते?

विश्वेश्वरय्यांच्या पुस्तकालाही मी सूट देणार नाही. ते सरकारी अहवालाच्या भाषेत लिहिलेले आहे. हुद्दे, कामे, मान्यवरांची प्रशस्ती हे सगळे क्रमाने येते. मात्र मिस्त्री, मुकादम, पाटकरी कोण होते आणि त्यांच्याकडून लेखक काय शिकला, हे जवळजवळ येतच नाही. विरोध करणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. आपला अंदाज चुकला अशी कबुली शोधावी लागते. जाणत्या शिक्षकाने हे पुस्तक जरूर वाचावे, पण जे लिहिलेले नाही त्यावरही बोट ठेवून वाचावे.

हे मी कोणत्या तोंडाने म्हणतो? डॉक्टरेटनंतर माझ्याकडे पहिला प्रकल्प आला तो दुष्काळी पट्ट्यातील गावांत पर्जन्यमापक बसवण्याचा. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा, हा हवामान खात्याचा प्रघात. मी उपकरणे निवडली, तक्ते छापले, आणि नोंदी घ्यायला गावच्या शिक्षकांना सांगितले. तीन महिन्यांनी तक्ते आले. अक्षर सुवाच्य, रकाने भरलेले, आणि आठवड्याभराच्या नोंदी एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेल्या. मी चिडलो. एका गावात गेलो तेव्हा तेथील गुरुजींनी शांतपणे सांगितले, “साहेब, माझी एस. टी. गावात येते दहाला. साडेआठला नोंद कोण घेणार, हे तुम्ही विचारलंच नव्हतं.” आकडेमोड माझी बिनचूक होती. एक पावसाळा मात्र वाया गेला. पुढच्या वर्षी नोंदी घेतल्या त्या शाळेशेजारी राहणाऱ्या आठवीच्या मुलींनी, आणि त्या चांगल्या निघाल्या.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला ‘प्रोजेक्ट’ असतो. चौघांचा गट, एक मार्गदर्शक, शेवटी तोंडी परीक्षा. पांझरेवरच्या कामासारखे लहान पण पूर्ण काम देण्याची ही हक्काची जागा. पण तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने मोठ्या शहरांत उघड चालतात, आणि गटातील कोणाचे कोणाशी बिनसले, मुदत का चुकली, कोणता निर्णय बदलावा लागला, याला गुण नसतात. गुण असतात बांधीव अहवालाला. मग ‘नेतृत्वविकास’ या नावाने दोन दिवसांचे शिबिर घेतले जाते. त्यात दोरीवर चालणे आणि फुगे फोडणे होते. शाळेतील विज्ञान प्रदर्शनाचीही गत निराळी नाही. तक्ता काढणारा वेगळा, बोलणारा वेगळा, आणि उपकरण काकांनी करून दिलेले.

त्या साठ निबंधांत एक निबंध विश्वेश्वरय्यांचे नावही न घेणारा होता. बारावीतील एका मुलीने गल्लीत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याविषयी लिहिले होते. उताराच्या टोकाच्या घरांना पाणी पुरावे म्हणून तो कोणती चावी आधी किती फेरे उघडतो, वीज गेली की वेळ कशी बदलतो, वरच्या घरांतील लोक भांडायला आले की काय बोलतो, हे तिने आठवडाभर त्याच्यामागे हिंडून टिपले होते. सोबत वेळांचा तक्ताही जोडला होता. मी तिला पहिला क्रमांक दिला. उरलेल्या दोघा परीक्षकांचे मत पडले की निबंध चांगला आहे, पण विषयाला सोडून आहे. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिला आला तो रेल्वेच्या रुळाचा निबंध.