गोष्ट त्याची, सांगणारा दुसराच

चैत्र लागला की मुळशी तालुक्यातल्या गावांच्या जत्रा सुरू होतात. दुपारी कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा, हा क्रम कित्येक ठिकाणी अजून टिकून आहे. गवळणीत मावशी येते. ती करणारा पुरुष असतो, आणि त्याने नुसता पदर सावरला तरी समोरचा जमाव खूश होतो. दुपारी पैलवानाला फेटा, रात्री मावशीला टाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाव या दोघांशी एकसारखे बोलत नाही. मराठी मनोरंजनाच्या जगात समलिंगी माणसाचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर या सकाळच्या फरकापासून सुरुवात करावी लागते.

आपल्या कलापरंपरेने पुरुषातल्या स्त्रीरूपाला कधीच नाकारले नाही. उलट त्याच्यावर जीव टाकला. पवळेसारखी स्त्री कलावंत फडात उभी राहण्याआधी तमाशा पेलला तो नाच्या पोरांनी. संगीत नाटकाने तर बालगंधर्वांना डोक्यावर घेतले. 1888 ते 1967 असे आयुष्य लाभलेल्या या नटाची साडी नेसायची ढब घरंदाज बायकांनी उचलली. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि पुढे स्त्रीपार्टींचा काळ हळूहळू सरला. पण त्या सबंध काळात एक अट कोणी न लिहिता पाळली गेली: रंग उतरला की नटाने गृहस्थ व्हायचे. स्त्रीत्व हे नटाचे कसब. ते त्याच्या मनातलेही असेल, असा प्रश्न विचारायचा नाही.

नाटक कंपन्यांमध्ये पुरुष आणि कोवळी पोरे वर्षानुवर्षे एका बिऱ्हाडात राहत. त्या दिवसांच्या आठवणींत कर्जे, पडदे, पंगती, मालकांची भांडणे सगळे सापडते. दोन पुरुषांमधल्या प्रेमाचा विषय मात्र जवळजवळ येतच नाही. आज कोणी त्या मौनावरून अमुक नट तसा होता, तमुक नट तसा होता, असे ठरवू लागले तर मला ते मान्य नाही. जे स्वतः बोलले नाहीत त्यांच्या खाजगी आयुष्यात शिरणे हे समीक्षेचे काम नव्हे. पण ते का बोलले नाहीत, हे विचारणे समीक्षेचेच काम आहे. 1860 च्या दंडसंहितेतले कलम 377 जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होते. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता, तर त्यांना कोर्टात खेचले गेले. 1934 साली त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड चुकला नाही. शास्त्राच्या भाषेत लिहिणाऱ्या संपादकाची ही गत, तर रोजच्या तिकिटावर पोट असलेल्या नटाने तोंड उघडावे तरी कसे?

सिनेमा आला आणि नाच्या पडद्यावर गेला. तमाशापटांतला नाच्या म्हटले की कोल्हापूरचे गणपत पाटील आठवतात. त्यांनी तो इतका चोख केला की प्रेक्षकांनी माणूस आणि भूमिका एक करून टाकली. ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ होते. पण त्या प्रतिमेचा जाच त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सोसावा लागला. 2008 मध्ये ते गेल्यावर पुष्कळांनी हळहळून लिहिले. ती हळहळ खरी होती. तरी तिच्या तळाशी एक गृहीत होते, ते मला आजही बोचते: बिचारा ‘तसा’ नव्हता आणि तरी त्याला सोसावे लागले. म्हणजे तो तसा असता तर सोसणे रास्त ठरले असते का?

हाच प्रश्न ‘नटरंग’पुढे ठेवावा लागतो. आनंद यादवांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी केलेला हा चित्रपट 1 जानेवारी 2010 ला आला. दिल्ली उच्च न्यायालयाने 377 ची धार बोथट केली त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. पिळदार शरीराचा गुणा कागलकर कलेच्या वेडापायी नाच्या होतो. जत्रेतला दुपारचा पैलवान आणि रात्रीचा नाच्या इथे एकाच देहात भेटतात. अतुल कुलकर्णी यांनी ते शरीर ज्या तयारीने आधी कमावले आणि मग मोडले, त्याला मराठी पडद्यावर तोड कमी आहे. गुणाची टवाळी होते, त्याच्यावर बलात्कार होतो, मुलगा त्याची लाज बाळगतो. चित्रपटाची करुणा मनापासूनची आहे. पण ती करुणा उभी राहते ती एका खात्रीवर. गुणाला बायको आहे, मूल आहे, तो आतून पुरुषच आहे, हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असते. चुकीच्या संशयाने भरडलेल्या माणसासाठी आपण रडतो. ज्याच्याबद्दलचा संशय खरा आहे, तो त्याच फडात कुठेतरी ढोलकीच्या मागे बसलेला असेल. त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही.

सतीश आळेकरांनी मात्र 1979 मध्येच तिकडे पाहिले होते. पुण्याच्या थिएटर अकादमीने केलेले ‘बेगम बर्वे’ हे समलिंगी माणसाबद्दलचे नाटक आहे, असे लेबल त्यावर कोणी लावले नाही, आणि लावूही नये. संगीत नाटकाच्या पडत्या काळातला एक किरकोळ स्त्रीपार्टी, उदबत्त्या विकणारा, श्यामरावाच्या मुठीत अडकलेला. आणि दोन कारकून, ज्यांच्या स्वप्नात तो नलावडेबाई होऊन शिरतो. लग्न होते, डोहाळे लागतात आणि मग वास्तव सगळे ओरबाडून काढते. चंद्रकांत काळे यांच्या बर्व्याला हसू येते तेही भीतीने आवळलेले. बालगंधर्वांवर भाळलेल्या याच समाजाने तीच ओढ एका गरीब, बेकार, अनाम माणसात दिसल्यावर काय केले, हे या नाटकाइतके कोणी दाखवलेले नाही. माझ्या मते या विषयाजवळ जाणारी ही मराठीतली सर्वांत मोठी कलाकृती आहे.

दोन वर्षांनी, 1981 साली, विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आले. सुमित्रा देव ही स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली कॉलेजची मुलगी. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नमा असते, आणि रंगमंचावरच तिला स्वतःची ओळख पटते. रोहिणी हट्टंगडी यांनी ही मित्रा उभी केली. व्यावसायिक रंगभूमीच्या प्रेक्षकासमोर त्या काळी हे ठेवणे केवढ्या धाडसाचे होते, हे आज पटकन लक्षात येत नाही. तरीही मित्राची गोष्ट मित्रा सांगत नाही, तिचा मित्र बापू सांगतो. तो भला आहे, घाबरट आहे, थोडासा तिच्यात गुंतलेलाही आहे. मित्रा आपल्याला दिसते ती त्याच्या नजरेतून, आणि शेवटी ती जीव देते.

‘बेगम बर्वे’ बाजूला ठेवले, तर पुढची पंचवीस वर्षे मराठी कलेने बापूची जागा सोडली नाही. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त (1982) महिलाश्रमातल्या दोघींचे नाते येते, पण अधीक्षिकेपुढचा पेच म्हणून. त्या दोघींना स्वतःचे असे फारसे काही मांडायला मिळत नाही. अमोल पालेकरांनी ‘दायरा’, ‘अनाहत’ आणि ‘थांग’ अशा तीन चित्रपटांतून लैंगिकतेचा सातत्याने विचार केला. मुख्य प्रवाहातल्या दुसऱ्या कोणा मराठी दिग्दर्शकाने तो केल्याचे मला दिसत नाही. ‘थांग’ही आपण अनुभवतो ते नवऱ्याचे गुपित उघडे पडलेल्या पत्नीच्या बाजूने. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये बोलते ती आई. मित्र, पत्नी, आई. प्रत्येक वेळी कोणीतरी सज्जन साक्षीदार, आणि ज्याच्यावर गोष्ट बेतली तो माणूस पुराव्यासारखा मध्ये ठेवलेला.

याला लेखकांची भीती एवढेच कारण नव्हते. प्रेक्षकाला हात धरून आत नेणारा कोणीतरी हवा, असा तो हिशेब होता, आणि त्या काळापुरता तो चुकीचाही नव्हता. दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ प्रदर्शित झाल्यावर, डिसेंबर 1998 मध्ये, मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. ती पाहिलेल्या निर्मात्याने हात आखडता घेतला, तर त्याला भित्रा म्हणून मोकळे होता येत नाही. दातारांसारख्या लेखकांनी आईला बोलते करून अनेक घरांत हा विषय पोहोचवला, हे ऋण मानलेच पाहिजे. पण साक्षीदाराची सवय लागली की ती सुटत नाही. 2015 च्या ‘बायोस्कोप’मध्ये रवी जाधव पुन्हा तेंडुलकरांच्या मित्राकडेच गेले. ‘मित्रा’ या त्यांच्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. नवी मित्रा मात्र कोणी लिहिली नाही.

आवाज बदलला तो आधी पुस्तकांत, आणि तोही पुण्यात. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि ‘पार्टनर’सारखे लेखन थेट, विनासंकोच मराठीत आणले. 2006 साली मौज प्रकाशनाने सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ छापली. घरात राहायला आलेल्या एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात, आणि तो निघून गेल्यावर दोघेही आपापल्या शब्दांत बोलतात. तनयला कोणा बापूची गरज लागत नाही. तो घाबरलेला आहे, हट्टी आहे, प्रेमात वेडा आहे. पण ‘प्रश्न’ नाही. याच कादंबरीचा चित्रपट 2022 मध्ये आला तो हिंदी-इंग्रजीत, कोचीच्या पार्श्वभूमीवर. मराठी घराच्या माळ्यावर घडलेली गोष्ट मराठी पडद्याला पेलली नाही, याचे मला फार वाईट वाटते. तो दोष कुंडलकरांचा नाही. आपल्या बाजारपेठेचा आणि आपला आहे.

म्हणून रोहन कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ मला मोलाचा वाटतो. 2025 मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले, म्हणून नव्हे. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच राहिलेला बाळ्या यांच्यामधली माया तो ज्या शांतपणे पाहतो, त्यासाठी. सुतकातले नियम, नातेवाइकांची लग्नाची भुणभुण, शेरडे, उन्हातली झाडे. कानवडे यांनी हे स्वतःच्या वडिलांच्या दहाव्याच्या अनुभवातून उचलले. यात नाच्या नाही, मावशी नाही, बलात्कार नाही, आत्महत्या नाही. आईला ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूला आहे, एवढे चित्रपट धरूनच चालतो. नागराज मंजुळे, सई ताम्हणकर यांच्यासारखी नावे त्याच्या पाठीशी उभी राहिली, हीही नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

ग्रामीण महाराष्ट्र म्हणजे मराठी पडद्यावर बहुधा मर्दानगीचा आखाडा. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला 377 चा फास सोडवला आणि त्याच नोव्हेंबरात ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमिनी विकून उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्याच्या पोराची ती गोष्ट प्रवीण तरडे यांनी तळमळीने सांगितली, आणि ती सांगायलाच हवी होती. पण त्याच मुळशीत, त्याच विकलेल्या रानाच्या बांधावर एखादा बाळ्याही राहत असणार. हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरीला आलेले कित्येक आनंदही याच तालुक्याचे रहिवासी आहेत. त्यांना पडद्यावर स्वतःचे गाव दिसायला 2025 उजाडावे लागले.

एका चित्रपटाने अवस्था बदलत नाही. विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष अजूनही हमखास हशा मिळवतो, आणि तेवढ्यासाठीच त्याला साडी नेसवली जाते. कॅमेऱ्यासमोर आपण समलिंगी आहोत असे मोकळेपणाने सांगणारे प्रस्थापित मराठी कलावंत मोजकेच आहेत. कायदा गेला, पण भूमिका हातची जाईल, जाहिरात जाईल, ‘नायक’ म्हणून कोणी घेणार नाही, ही भीती कायम आहे.

आणि आज सत्तरी-ऐंशीत असलेले कलावंत आहेत: फडांतले, नाटक मंडळींतले, आकाशवाणीवरचे, रंगभूषेच्या खोलीतले. 377 च्या छायेत त्यांनी सगळे तारुण्य काढले. त्यांच्यापैकी ज्यांना बोलायचे आहे त्यांचे बोलणे, नाव न छापण्याच्या अटीवर का होईना, त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यायला हवे. नाट्यपरिषदेने, विद्यापीठांच्या ललित कला विभागांनी, नियतकालिकांनी हे काम हाती घ्यावे, आणि ते लवकर घ्यावे. या वेळी तरी साक्षीदार नको. ज्याचे आयुष्य, त्यालाच बोलू द्या.