कंट्री संगीत : उपहासाची परंपरा आणि तिच्या मर्यादा

अमेरिकेच्या दक्षिणेतील ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या कंट्री संगीताच्या सर्वांत प्रतिष्ठित व्यासपीठाचे नावच मुळात एका थट्टेतून जन्मलेले आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथून १९२५ साली सुरू झालेला नभोवाणीवरील कार्यक्रम प्रारंभी ‘बार्न डान्स’, म्हणजे धान्याच्या कोठारातला नाच, या नावाने ओळखला जाई. १९२७ च्या डिसेंबरात एका रात्री त्याच्या आधी वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम झाला. त्यानंतर डीफोर्ड बेली या कृष्णवर्णीय कलावंताने माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीचा आवाज काढला, आणि निवेदक जॉर्ज हे यांनी ‘ग्रँड ऑपेरा’ हे शब्द खेडवळ उच्चारात वाकवून ‘ग्रँड ओल ऑप्री’ अशी कोटी केली. तीच पुढे कार्यक्रमाचे अधिकृत नाव झाली. या संगीतावरील आजच्या उपहासाचा विचार करताना, स्वतःकडे हसून पाहण्याची ही वृत्ती त्याच्या घडणीतच होती, हे ध्यानात ठेवावे लागते.

त्याच काळात मुखवटाही आला. हे यांनी आपल्या वादकवृंदांना मुद्दाम गावंढळ नावे दिली. डॉ. हम्फ्री बेट हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांचा वृंद मात्र ‘पॉसम हंटर्स’, म्हणजे रानातल्या पॉसम प्राण्याचे शिकारी, या नावाने श्रोत्यांपुढे उभा राहिला. १९४० पासून ऑप्रीवर गाजलेली मिनी पर्ल हीदेखील अशीच एक भूमिका होती. ती साकारणाऱ्या सेरा ओफेलिया कॉली या नाट्यशिक्षण घेतलेल्या, सुखवस्तू घरातल्या होत्या. मिनीच्या टोपीला १ डॉलर ९८ सेंट किमतीची चिठ्ठी लोंबत असे. नव्या टोपीच्या आनंदात ती चिठ्ठी काढायलाच विसरलेली ही बाई प्रेक्षकांना हसवी. पण त्या हसण्यात तिच्या गरिबीविषयी तुच्छता नसे, ओळखीच्या हौसेविषयीची माया असे. मुखवटा हा मुखवटाच आहे, हे तो घालणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला सारखेच ठाऊक असणे, यात या विनोदाची सचोटी होती.

म्हणूनच बाहेरून उडवलेली टर आणि आतून केलेले विडंबन यांत भेद करणे अगत्याचे ठरते. १९७५ या एकाच वर्षातील दोन कृती हा भेद स्पष्ट करतात. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘नॅशव्हिल’ या चित्रपटातील बरीचशी गीते नटनट्यांनी स्वतःच रचली होती. चित्रपट म्हणून ही कृती मोठीच; तरीही आपल्या कारागिरीची ही नक्कल नॅशव्हिलमधील अनेक संगीतकारांना झोंबली. त्याच वर्षी डेव्हिड ॲलन को यांनी स्टीव्ह गुडमन यांचे ‘यू नेव्हर इव्हन कॉल्ड मी बाय माय नेम’ हे गीत गाजवले. आई, आगगाडी, ट्रक, तुरुंग आणि मद्यपान यांच्यावाचून कंट्री गीत परिपूर्ण होत नाही, असा आक्षेप गायक गाण्याच्या मध्येच बोलून दाखवतो आणि मग या साऱ्या वस्तू एकाच कडव्यात कोंबलेल्या आढळतात. विडंबन चोख आहे. पण त्याची चाल आणि त्याची गायकी इतकी अस्सल आहे, की श्रोते आजही ते खऱ्या आवडीने गातात. ज्याची थट्टा करायची ते स्वतःला उत्तम करता येणे, ही विडंबनकाराची पहिली पात्रता होय.

पुढल्या काळात विडंबनाला लक्ष्य पुरवले ते बाजाराने. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या हाती किती नभोवाणी केंद्रे असावीत यावरची राष्ट्रीय मर्यादा उठली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे आली. निवड करणारे हात थोडे झाले, की निवडही एकसुरी होते. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूज’ हे गाणे एकूण २४ आठवडे कंट्री गीतांच्या क्रमवारीत अग्रस्थानी राहिले. २०१३ साली समीक्षक जोडी रोझेन यांनी या धाटणीला ‘ब्रो-कंट्री’ असे नाव दिले. दोस्तांनी एकमेकांना हाक मारण्याच्या ‘ब्रो’ या शब्दात तिचा सारा पुरुषी उथळपणा सामावला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रेडी स्मिथ या समीक्षकाने अनेक लोकप्रिय गाण्यांचे तुकडे एका चित्रफितीत सलग जोडले. ट्रक, चांदणे, विजार घातलेली मुलगी : ओळीमागून ओळ तीच. २०१४ मध्ये एका संगीतकाराने सहा गाजलेली गाणी, वेग आणि पट्टी जुळवून, एकाच वेळी वाजवली, तेव्हा ती जवळजवळ एकच गाणे ठरली. येथे परीक्षण आणि उपहास यांच्यातली सीमारेषा पुसली जाते. समीक्षकाला विशेषणे वापरावी लागत नाहीत. पुरावा मांडला, की तोच हसवतो.

तथापि बाजाराची पचनशक्ती अफाट असते. व्यापारी संगीताने कंट्री संगीताचा खून केला, असा आरोप करणारे ‘मर्डर ऑन म्युझिक रो’ हे गीत २००० साली जॉर्ज स्ट्रेट आणि ॲलन जॅक्सन या अत्यंत यशस्वी गायकांनी गायिले. ज्या व्यवसायावर आरोप होता, त्याच व्यवसायाच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला पुरस्कार दिला. २०१४ मध्ये मॅडी अँड टे या दोन तरुणींनी ‘गर्ल इन अ कंट्री साँग’ या गीतात ट्रकवाल्या गाण्यांतील मुलीच्याच तोंडून त्या गाण्यांची हजेरी घेतली. ते नभोवाणीवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पाच-सहा महिन्यांतच, मे २०१५ मध्ये, नभोवाणीचे सल्लागार कीथ हिल यांनी पुरुष गायकांना सॅलडमधील पानांची आणि गायिकांना त्यातील टोमॅटोंची उपमा देऊन, गायिकांची गाणी कमीच ठेवावीत असे सुचवले. उपहासाला टाळ्या मिळाल्या. त्याने दाखवलेला दोष मात्र जागेवरच राहिला.

उपहासकारांच्या बाजूचा दोषही नजरेआड करता येत नाही. त्यांतील पुष्कळांनी ‘खऱ्या’ कंट्री संगीताची एक सोवळी प्रतिमा कल्पिली आणि यांत्रिक ताल व रॅप यांच्या मिश्रणाला भेसळ ठरवले. पण ऑप्रीला नाव मिळाले त्याच रात्री जो माउथ ऑर्गन वाजला तो एका कृष्णवर्णीयाचा होता, आणि त्याच डीफोर्ड बेलींना १९४१ मध्ये ऑप्रीतून दूर करण्यात आले. २०१९ च्या मार्चमध्ये ‘बिलबोर्ड’ने लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्री गीतांच्या क्रमवारीतून वगळले. गाण्यात कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत, हे त्यामागचे कारण. तशाच तालावर गाणारे श्वेतवर्णीय गायक त्या क्रमवारीत वर्षानुवर्षे नांदत होते. वगळलेले हे गाणे मुख्य क्रमवारीत १९ आठवडे पहिले राहिले. शुद्धतेच्या नावाने हसणारा उपहास येथे, नकळत का होईना, द्वारपालाच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

या दृष्टीने बो बर्नहॅम या विनोदकाराच्या २०१६ च्या ‘मेक हॅपी’ या कार्यक्रमातील कंट्री गीताचे विडंबन उद्बोधक आहे. त्याचा रोख कष्टकरी माणसावर नाही, प्रामाणिक गाण्यावरही नाही. कष्टकऱ्याचा वेश घालून त्यालाच तिकीट विकणाऱ्या धनिकावर आहे. मिनी पर्लने किमतीची चिठ्ठी उघडपणे टोपीवर लोंबती ठेवली होती; नंतरच्या काळातील अनेक गायकांनी ती लपवली. ती लपवलेली चिठ्ठी शोधून श्रोत्यांस दाखवणे, आणि तसे करताना ती टोपी हौसेने विकत घेणाऱ्याचा अवमान न करणे, हे चांगल्या उपहासपर समीक्षेचे कार्य होय. नभोवाणीची निवड तिने बदलली नाही, तरी ऐकणाऱ्याचा कान ती जागा ठेवते.